वाचकांचे प्रश्न: पुरात बुडणारी डीपी, नळयोजना आणि रपटे

मृग लागला की वर्धा, वैनगंगा, पैनगंगेच्या काठावरून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: पूर आला की आधी वीज जाते, मग नळ बंद होतो, हे सांभाळायचं कोणी? विद्युत, पाणीपुरवठा आणि ग्रामपंचायत कामकाज पाहणाऱ्या आमच्या सल्लागारांनी निवडक पत्रांना दिलेली उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न: आमच्या गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर आणि त्याखालची फ्यूजची पेटी) नाल्याकाठी खोलगटात आहे. दर दोन-तीन वर्षांनी पाणी पेटीपर्यंत चढते आणि गाव तीन-चार दिवस अंधारात राहते. ग्रामपंचायत म्हणते वीजवाल्यांनी हलवावी, वीजवाले म्हणतात एस्टिमेटचे पैसे भरा. नेमकी जबाबदारी कोणाची?
(ग्रामपंचायत सदस्य, हिंगणघाट तालुका)

खांब, तारा, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), पेटी आणि तुमच्या मीटरपर्यंतचा सगळा भाग वीज वितरण कंपनीचा. मीटरच्या पुढचे वायरिंग ग्राहकाचे. पथदिव्यांचे दिवे व त्यांची जोडणी आणि नळयोजनेच्या पंपघरातला मीटरनंतरचा सगळा भाग ग्रामपंचायतीचा. इथवर वाद नाही.

वाद होतो तो अर्जातल्या शब्दांमुळे. ‘डीपी हलवून मिळावी’ असे लिहिले की तो अर्जदाराच्या सोयीसाठी केलेला स्थलांतराचा अर्ज ठरतो आणि खर्च अर्जदारावर येतो. तुमची तक्रार सोयीची नाही, सुरक्षिततेची आहे. तेव्हा तसेच लिहा. डीपीचा क्रमांक, फीडरचे (गावाला वीज आणणाऱ्या लाईनचे) नाव, कोणत्या वर्षी पाणी कुठवर आले, पेटीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे, हे सारे सेंटीमीटरमध्ये द्या. पाण्याची खूण खांबावर ऑइलपेंटने मारून तिचा फोटो जोडा. वर्धेच्या खोऱ्यात जुलै २०२२ च्या पुराच्या खुणा अजून बऱ्याच भिंतींवर सापडतील. त्या पातळीला आधार धरा. अर्ज उपविभागीय कार्यालयाला द्या, प्रत तहसीलदारांना द्या आणि पोच घ्या. तरीही खर्चावरच अडले, तर ग्रामसभेचा ठराव करून काम जिल्हा वार्षिक योजनेतून मागता येते.

आता तांत्रिक बाजू, कारण पुष्कळदा डीपी हलवायची गरजच नसते. दोन खांबांच्या रचनेवर रोहित्र बऱ्यापैकी उंच बसते. आधी बुडते ती खालची पेटी, कारण फ्यूज घालायला हात पोचावा म्हणून ती कमरेच्या आसपास लावलेली असते. तिचा तळ पूरखुणेच्या किमान ६० सेंमी वर न्यावा आणि लाईनमनला उभे राहायला खाली दगड-सिमेंटचा ओटा बांधावा. पेटी नुसतीच वर टांगली आणि ओटा केला नाही, तर पावसात लाईनमन ओल्या शिडीवर चढून फ्यूज घालणार. एक धोका काढून दुसरा आणल्यासारखे होते. बाहेर जाणाऱ्या केबल पेटी वर गेल्याने तोकड्या पडतात. त्यांना खाली जोड देऊ नये, अख्खी लांबी बदलून घ्यावी. पाणी शिरते ते नेमके जोडातून.

काळ्या मातीत आणखी एक दुखणे. उन्हाळ्यात माती भेगाळते आणि खांबाभोवती दोन-तीन बोटांची फट पडते. पहिल्या पावसाचे पाणी त्या फटीतून थेट बुडाशी जाते, माती लोण्यासारखी होते आणि खांब झुकतो. खांबाचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत असावा, म्हणजे ९ मीटरच्या खांबाला दीड मीटर. भोवतीची माती काढून मुरूम ठोकून भरणे आणि वर काँक्रीटचा गळा करणे हे काम मे महिन्यातच व्हायला हवे. ताणाची तार ढिली झाली आहे का आणि अर्थिंगची पट्टी पाण्याने उघडी पडली आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्यावे.

पाणी ओसरल्यावर रोहित्र जळते ते बहुधा घाईमुळे. पेटीतून पाणी निघून जाते, पण फ्यूजच्या बैठकीवर गाळाचा पातळ थर राहतो. वरून कोरडा दिसणारा हा थर आतून ओला असतो. प्रवाह सोडला की त्याच्यावरून ठिणगी एका फेजवरून दुसऱ्यावर उडी मारते. म्हणून क्रम असा: एबी स्विच (खांबावरचा लाईन तोडणारा स्विच) उघडायचा, डीओ (रोहित्राच्या वरच्या बाजूचे फ्यूज) खाली घ्यायचे, दोन्ही बाजूंना अर्थिंग लावायचे, पेटी स्वच्छ पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) रोधकता मोजायची आणि मगच भार टाकायचा. रोहित्राची टाकीच पाण्याखाली गेली असेल तर तेल तपासल्याशिवाय ते चालू करू नये. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसते. म्हणून नमुना खालच्या व्हॉल्व्हमधून घ्यावा. ब्रीदरमधले (रोहित्राच्या हवा घेण्याच्या नळीतले) निळे सिलिका जेल गुलाबी झाले असेल तर आत ओल गेली असे समजा.

हे सगळे काम अधिकृत कर्मचाऱ्याचे आहे. बांबूने डीओ पाडणारा ‘झिरो वायरमन’ प्रत्येक गावात एखादा तरी असतो. त्याला पुराच्या दिवसांत डीपीपाशी फिरकू देऊ नका. ओला बांबू वीज वाहून नेतो.

नादुरुस्त रोहित्र ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून देण्याचे मानक वीज नियामक आयोगाने घातले आहे, मात्र पुरासारख्या आपत्तीत त्यातून सूट असते. उशिराबद्दल मिळणाऱ्या भरपाईवर भिस्त ठेवून पावसाळा काढू नये.

प्रश्न: धरणाची दारे उघडल्याचा निरोप आला की गावाची वीज बंद करायची का, आणि कोणाच्या सांगण्यावरून?
(पोलीस पाटील, ब्रम्हपुरी तालुका)

बंद करणे हे वीज उपकेंद्राचे काम, पण वेळेवर सांगणे गावाचे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आला तसा पूर रात्रीतून चढतो. तेव्हा फोन कोणाला लावायचा हे शोधत बसायला वेळ नसतो. शाखा अभियंता, उपकेंद्राचा चालक आणि लाईनमन यांचे क्रमांक, तसेच गावाच्या फीडरचे नाव आणि प्रत्येक डीपीचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असावा. फोन केल्यावर तोच मजकूर लेखी संदेश म्हणूनही पाठवा, त्यात वेळ टाका. वीज तक्रारीसाठी १९१२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आहेच.

बचावाची बोट येण्याआधी तारा मृत असल्याची खात्री का करायची, ते साध्या हिशेबात दिसेल. शेतातून जाणारी उघडी ११ केव्ही (११ हजार व्होल्टची) तार नियमाप्रमाणे जमिनीपासून किमान ४.६ मीटर वर असते. शेतात २ मीटर पाणी भरले की उरले २.६ मीटर. बोट पाण्यावर तरंगते आहे, तिच्यात उभ्या माणसाच्या हातात वल्हे किंवा बांबू आहे. शिल्लक काहीच राहिली नाही. त्यात तार झोळलेली असेल तर बोलायलाच नको. रस्ता ओलांडणाऱ्या तारेची किमान उंची लघुदाबाला (घरगुती पुरवठ्याच्या तारेला) ५.८ आणि ११ केव्हीला ६.१ मीटर, शक्य तिथे बोट त्या बाजूने न्यावी.

घरोघरी सांगायचे ते हे: उंबऱ्याला पाणी लागायच्या आत मेन स्विच बंद करा, पाण्यात उभे राहून करू नका. इन्व्हर्टरही बंद करा, तो बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. आणि कोणाकडे जनरेटर असेल तर घराच्या वायरिंगला तो तसाच जोडू देऊ नका. त्याची वीज मीटरमधून उलटी जाऊन रोहित्रातून ११ केव्हीवर चढते आणि लाईन बंद आहे असे समजून काम करणारा लाईनमन मरतो.

प्रश्न: आमची नळयोजनेची विहीर नदीपात्रालगत आहे. पुरात पंपघरात छातीभर पाणी होते. मोटार, पॅनेल (मोटारीची स्विचपेटी), विहीर यांचे काय करावे? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकावी? योजना नवी आहे, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा?
(ग्रामसेवक, आर्णी तालुका)

खर्चाचे आधी. योजना ग्रामपंचायतीकडे रीतसर हस्तांतरित झाली असेल, तर ती ग्रामपंचायतीची आणि तिच्या पाणीपुरवठा समितीची. झाली नसेल, तर काम करून घेणाऱ्या यंत्रणेने कंत्राटदाराकडून ते करून घ्यायचे. तेव्हा हस्तांतरणाचा कागद काढून बघा. पुष्कळ गावांत पाणी सुरू झाले म्हणजे योजना आपली झाली असे धरतात आणि ज्याची पावती दुसऱ्याने फाडायची तिथे स्वतः खर्च करून बसतात. योजना अनेक गावांची प्रादेशिक असेल, तर तुमच्या टाकीपर्यंतचा भाग ती चालवणाऱ्या यंत्रणेचा आणि टाकीपासून पुढचा गावाचा, ही सर्वसाधारण पद्धत. करारनाम्यात वेगळे असेल तर करारनामा खरा. पुरात बंद पडलेली पाणीपुरवठा योजना तातडीने सुरू करणे हे आपत्ती निधीच्या नियमांत बसते, म्हणून पंचनाम्यात ‘पंपघराचे नुकसान’ एवढेच न लिहिता मोटारीची अश्वशक्ती, पॅनेल, केबलचे मीटर, भिंत असे एकेक कलम लिहून घ्या. गाळ धुण्याआधी फोटो काढा. पॅनेलच्या दारावरची गाळाची आडवी रेघ हाच तुमचा पुरावा आहे.

पॅनेल उघडून बघा. बुडालेले एमसीबी, काँटॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि कपॅसिटर वाळवून वापरू नका, बदला. गाळ त्यांच्या आतल्या स्प्रिंगमध्ये बसतो. चालू होताना ते ठीक वाटतात, पण फेज गेल्यावर सुटत नाहीत आणि मोटार जळते. नवे पॅनेल आधीच्या पूरखुणेपेक्षा १ मीटर वर लावा, केबल खालून ग्लँडमधून आत घ्या.

मोनोब्लॉक (पंपाला सलग जोडलेली) मोटार बहुधा वाचते. तिचे दोन्ही बाजूंचे झाकण खोलून वायंडिंग आधी स्वच्छ पाण्याने धुवा, कारण गाळासकट वाळवले तर तो तिथेच चिकटतो. मग हॅलोजनच्या उष्णतेने ६० ते ७० अंशांवर दिवसभर वाळवा; शेगडीवर किंवा जाळावर नको, वार्निश फुटते. ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान १ मेगओहम यायला हवे. गरम असताना आणि थंड झाल्यावर असे दोनदा मोजा. बेअरिंग व ग्रीस बदलल्याशिवाय झाकण लावू नका. पाणबुडी पंप पाण्यातच राहणारा. त्याला पुराची भीती नाही, त्याच्या केबलच्या जोडाला आहे.

आता विहीर. पूर ओसरला त्याच दिवशी मोठे पंप लावून ती कोरडी करू नका. भोवतीची जमीन पाण्याने भरलेली असते. आतले पाणी एकदम गेले की बाहेरचा दाब बांधकाम आत ढकलतो. उपसा टप्प्याटप्प्याने, पातळी बघत करावा. डिझेल किंवा पेट्रोल इंजिन विहिरीत उतरवू नका आणि इंजिन काठावर असले तरी धूर आत जात नाही याची खात्री करा. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि खाली गेलेल्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही.

टीसीएलचा हिशेब असा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणा, आले घनमीटर. ४ मीटर व्यास, ५ मीटर पाणी म्हणजे ६३ घनमीटर, ६३ हजार लिटर. रोजचे शुद्धीकरण दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या दराने साधारण १६० ग्रॅममध्ये होते. पूर शिरलेल्या विहिरीला एकदा जोरकस मात्रा लागते: लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरिन. याच विहिरीला ३३ टक्के क्लोरिनची पावडर साडेनऊ किलो, आणि साठवणीत उतरून २५ टक्क्यांवर आलेली असेल तर साडेबारा किलो. उघड्या पोत्यातली, दमट खोलीतली पावडर याहूनही कमजोर असते, म्हणून पावसाळ्याआधीच आरोग्य विभागाकडून तिची टक्केवारी तपासून घ्या.

पावडर कोरडी फेकू नका. बादलीत लगदा करा, पाणी घालून ढवळा, दहा मिनिटे चुना बसू द्या आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडा. खालचा चुना टाकून द्या. बादली दोराने पाण्यात वरखाली फिरवा. १२ ते २४ तास ते पाणी कोणी वापरणार नाही असे दवंडीने सांगा. मग वास जाईपर्यंत उपसा करा, पण ते पाणी मासे असलेल्या तलावात सोडू नका. पुढचे काही आठवडे पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरिन दिसले पाहिजे. ओटी टेस्टचा (थेंब टाकून क्लोरिन बघायच्या चाचणीचा) पिवळा रंग पहिल्या १० सेकंदांत बघा. पंधरा मिनिटांनी दिसणाऱ्या रंगात अमोनियाशी बांधले गेलेले क्लोरिनही धरले जाते आणि आकडा फसवा येतो. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळवा, नाहीतर गाळच क्लोरिन खाऊन टाकतो.

इशारा आल्यावरचे पहिले काम मात्र याहून सोपे आहे: गावची टाकी काठोकाठ भरा आणि खालचा व्हॉल्व्ह बंद करा. ५० हजार लिटरची टाकी १,२०० लोकांना माणशी १५ लिटरने अडीच दिवसांहून जास्त पुरते. जमिनीखालची टाकी असेल तर तीही भरलेलीच ठेवा. रिकामी टाकी ओल्या जमिनीत वर उचलली जाते आणि पाइप तुटतात.

प्रश्न: वावरात सौर पंप आहे. लाईन नाही, म्हणजे पुरात धोका नाही, असे समजावे का?
(शेतकरी, वणी तालुका)

उलट आहे. लाईनची वीज उपकेंद्रातून बंद होते. सौर पॅनेलवर ऊन पडले की तिथे वीज तयार होतच राहते आणि मालिकेत जोडलेल्या पॅनेलचा दाब शेकडो व्होल्ट असतो. पाण्यात पडलेले किंवा तुटलेले पॅनेल दिवसा हाताने उचलू नका. पूर येणार असेल तर कंट्रोलरचा (पंप चालवणाऱ्या पेटीचा) डीसी स्विच आधीच बंद करा. कंट्रोलर बुडाला तर उघडू नका, पुरवठादाराला कळवा. शासनाच्या योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा असतो, आणि खोललेल्या कंट्रोलरवर वाद निघतात. फोटो काढताना पंपाचा क्रमांक दिसू द्या.

प्रश्न: रपट्याच्या (नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या) पाइपांत कचरा अडकून पाणी गावात शिरते आणि त्याच रपट्यावरून जाणारी नळाची लाईन दरवर्षी तुटते. साफ कोणी करायचे?
(महिला बचत गटाच्या सदस्य, दारव्हा तालुका)

रस्ता कोणाचा, रपटा त्याचा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. गावठाणातला नाला व गटारे ग्रामपंचायतीची, नदी जलसंपदा विभागाकडे. तुमच्या रस्त्याचा क्रमांक बांधकाम उपविभागात मिळेल. तो घातला नाही तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

कचरा कुठून येतो ते मात्र गावानेच बघायचे. पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे ढीग नाल्याच्या काठावर असतात. पहिल्या लोंढ्यात त्या येऊन पाइपच्या तोंडावर आडव्या बसतात, त्यांना बेशरमच्या झुडपाच्या फांद्या अडकतात आणि तासाभरात रपट्याचा बांध होतो. ढीग काठापासून दूर न्यायला ठराव पुरतो. बेशरम वरून छाटून उपयोग नाही, पाणी आटल्यावर मुळासकट काढावी लागते. काठावर टाकलेली कांडीही पुन्हा फुटते. नाला खोल करायला जेसीबी आलाच, तर रपट्याच्या अगदी खाली खोदू देऊ नका. तिथे खड्डा पडला की पाणी पाया उघडा पाडते आणि पुढच्या पुरात रपटाच बसतो.

नळाची लाईन बहुतेक ठिकाणी रपट्याच्या वरच्या अंगाने, म्हणजे पाणी येते त्या बाजूने बांधलेली असते. वाहून आलेले पहिले लाकूड तिच्यावर आदळते. ती खालच्या अंगाला, लोखंडी आवरण पाइपमध्ये, प्रत्येक खांबाला पट्टीने कसून बांधावी आणि दोन्ही टोकांना एकेक व्हॉल्व्ह बसवावा. ते बंद केले की मधला तुकडा गेला तरी टाकी रिकामी होत नाही आणि गढूळ पाणी आत ओढले जात नाही.

प्रश्न: पुरात आरोग्य उपकेंद्रातल्या लसींचे काय?
(आशा स्वयंसेविका, सिरोंचा तालुका)

आयएलआर (लसी ठेवायचा फ्रीज) पूरखुणेच्या वर ओट्यावर असावा. वीज गेली की झाकण उघडू नका. तापमान ८ अंशांकडे सरकू लागले तर लसी कोल्ड बॉक्समध्ये हलवा, पण फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक लगेच लावू नका. हलवल्यावर आत पाणी खुळखुळेपर्यंत ते बाहेर ठेवा. पेंटाव्हॅलंट आणि टीडी या लसी गोठल्या तर बाद होतात.

प्रश्न: पत्रे दिली, पोच आहे, पण कोणीच हलत नाही. पुढे काय?
(उपसरपंच, देसाईगंज तालुका)

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. प्रतिबंधाच्या उपायांसाठी जिल्ह्यातल्या यंत्रणांना निर्देश देण्याचे अधिकार कलम ३० मध्ये आहेत. कलम ४१ ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेवरही साधने सज्ज ठेवण्याचे कर्तव्य टाकते, तेव्हा बोट एकाच दिशेला दाखवता येत नाही. पत्रांच्या पोचा, पूरखुणेचे फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडून तहसीलदारांमार्फत प्राधिकरणाकडे जा. नदीची निळी आणि लाल रेषा आखली असेल तर तिचा नकाशा जलसंपदा विभागाकडून मागा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात चार शक्यता. गेल्या वर्षी पूर आला म्हणून यंदा येणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. तुमची डीपी किंवा पंपघर निळ्या रेषेच्या आत आहे हे नकाशावर दाखवले, की ‘आमच्या निकषात बसत नाही’ हे उत्तर लेखी द्यायला कोणी सहसा धजावत नाही. झोळलेली तार किंवा झुकलेला खांब असेल तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांना वेगळे पत्र द्या. ते वितरण कंपनीचे नसून शासनाच्या ऊर्जा विभागाचे अधिकारी आहेत.